दोन वाजताच्या बरण्या

"बाई, पुन्हा फुटली! हातातच!"

काचेच्या बरण्यांच्या कारखान्यातल्या पॅकिंग हॉलमधून आरोळी आली आणि तपासनीस बाई धावतच तिथे गेल्या. बरण्या फोडतात म्हणून पॅकिंगवाल्या म्हाताऱ्या आप्पांना घरी बसवून आठ दिवस झाले होते. मग आता बरण्या फोडतंय कोण?

आप्पांना घालवलं होतं बाईंच्याच पाय चार्टने, त्या गोल चकतीच्या रंगीत तक्त्याने. चार टेबलं, चार रंग. फुटक्या बरण्यांपैकी अर्ध्याहून जास्त एकट्या आप्पांच्या टेबलावरच्या. साहेबांनी तो लालभडक तुकडा पाहिला आणि म्हणाले, "म्हाताऱ्याचे हात चालत नाहीत आता." झालं! तीस वर्षांची नोकरी एका चित्रात संपली.

आप्पांच्या जागेवरची नवी बाई रडकुंडीला आली होती.

"किती वाजता फुटली?"

"आत्ताच, दोनला. जेवणानंतर पट्टा सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता."

"आणि सकाळी?"

"सकाळी एकही नाही. दुपारच्या बरण्या हाताला चटका देतात हो."

"पण तुमच्याच टेबलावर का?"

"थंड करायच्या बोगद्यातून पट्टा बाहेर येतो, तो आधी माझ्यासमोर. तडकायची ती इथंच तडकते. पुढच्यांना धडधाकट मिळतात."

बाईंनी फुटीची वही काढली. प्रत्येक बरणीपुढे वेळ लिहिलेली होती. मेली ती वही महिनाभर डोळ्यांसमोर होती, आणि बाईंनी मोजली काय, तर नुसती नावं! आता त्यांनी आडवे तास मांडले, उभे फुटीचे आकडे, आणि ठिपके जोडले. रेघ सकाळभर तळाला, दोनला ताडासारखी वर, तीनला परत खाली. रोजच. बाईंनी वही उचलली आणि हॉलच्या मुकादमाला गाठलं.

"मुकादम, पट्ट्याचा वेग कोण ठरवतं?"

"मीच. किल्ली माझ्याकडेच असते."

"जेवणाच्या सुट्टीत?"

"पट्टा बंद. मी आल्यावर सुरू."

"आणि येता कधी?"

मुकादम छताकडे बघू लागला.

साहेबांसमोर बाईंनी नवा कागद ठेवला. "बरणी बोगद्यात सावकाश थंड व्हायला हवी. मुकादम जेवून उशिरा येतात, आणि हुकलेला माल भरून काढायला तासभर पट्टा पळवतात. गरम बरणी बाहेरच्या हवेत तडकते."

मुकादमाने मान खाली घातली. "माल कमी पडला तर तुम्हीच ओरडता, साहेब."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" साहेब म्हणाले. "मग तो पहिला चार्ट?"

"तो माझा गुन्हा. त्यात वाटा दिसतो, वेळ दिसत नाही. मला हे ठाऊक होतं, साहेब. पण मीटिंगमध्ये रंगीत उठून दिसतं म्हणून तोच काढला. लाज वाटते मला."

संध्याकाळी त्या स्वतः आप्पांच्या दारी गेल्या.

"आप्पा, चूक माझी होती. उद्यापासून या."

आप्पांनी दोन्ही पंजे उलटेपालटे करून पाहिले. "म्हणजे हात ठीक आहेत माझे?"

"अगदी ठीक."

"तुमचा कागद बघून मलाही पटलं होतं, बाई. आठ दिवस नातीला उचललं नाही मी. म्हटलं, हातून पडायची."

मग ते म्हणाले, "आत या ना." दोनदा म्हणाले. बाईंचा पाय पुढे पडेना.