न प्यालेलं दूध जातं कुठं?

चंद्री म्हशीची कास दगडासारखी घट्ट झाली होती. पारडू नव्हतं, धार काढणंही हळूहळू बंद करत आणलं होतं. कास आता ओसरायला हवी होती, पण ती फुगतच चालली होती आणि हात लावला की चटका बसत होता. असं का व्हावं, हे गोठ्यात कुणालाच उमगेना. म्हणजे एकीला थोडंफार उमगलं होतं, पण ती दाराआड उभी राहून नखं कुरतडत होती.

ती कस्तुरी. कोल्हापूरच्या कडेला तिच्या आप्पांचा गोठा होता. शेण उचलायला यंत्र आलं होतं, म्हशींच्या गळ्यातले पट्टे त्यांची तब्येत फोनवर कळवत होते. तरी समोर धार काढून दिलेलं फेसाळ दूध पिण्याची कोल्हापूरकरांची हौस काही सुटली नव्हती.

चंद्रीचं रेडकू काजळ जन्मून आठवडाही झाला नव्हता, तोच तापानं गेलं. कस्तुरीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि ते तिथंच गेलं.

पारडू मेलं की म्हैस पान्हा चोरते, धारेला उभी राहत नाही. पूर्वी अशा वेळी मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं ठेवत. आता यंत्रपारडू मिळत होतं. ते उबदार होतं, मान हलवायचं, कासेला ढुशी द्यायचं. आप्पांनी त्याच्या पाठीवर काजळच्या अंगाखालचं पोतं टाकलं आणि गळ्यात काजळची घंटा बांधली. चंद्रीनं वास घेतला, चाटायला लागली आणि तिला पान्हा फुटला.

पण ती चाटायची थांबेचना. जीभ सोलवटली. वैरणीला तोंड लावेना. शेवटी आप्पांची थोरली बहीण आली. ती दुधावर संशोधन करायची आणि कस्तुरी तिला आत्ती म्हणायची. आत्ती म्हणाली, "बास झालं. हिला आटू द्या. ते यंत्र हिच्यापुढं आणू नका."

कस्तुरी मात्र रोज शाळा सुटली की गुपचूप ते यंत्र चंद्रीपुढं आणून उभं करत होती.

"कस्तुरे, इकडं ये," आत्तीनं हाक मारली. तिच्या हातात फोन होता. "पट्टा सांगतोय, रोज संध्याकाळी हिला पान्हा फुटतोय. कोण गं येतं तेव्हा गोठ्यात?"

कस्तुरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ते दूध काजळचं हाय, आत्ती. ते आटलं की त्याचं काहीच उरणार न्हाई."

आत्ती रागावली नाही. तिनं कासेवर थंड फडकं धरलं, डॉक्टरांना निरोप धाडला आणि चंद्रीच्या दुधाचा एक थेंब आपल्या भिंगकाचेवर (बारीकातलं बारीक मोठं करून दाखवणाऱ्या काचेवर) टाकला. काचेवर गोल गोल गोळे तरंगू लागले.

"ही दुधातली चरबी. प्रत्येक गोळ्याला पातळ साल आहे. त्या सालीवर एक प्रथिन (पेशींची कामं करणारा मोठा रेणू) चिकटून बसतं. त्याला दोन हात आहेत असं समज. एका हातानं ते चरबीची साल पकडतं, दुसऱ्या हातानं जिवंत पेशी."

"कशाला?"

"सांगते. त्याच्या घराण्यातलं एक प्रथिन रेड्याच्या शुक्रपेशीवर (पित्याकडून येणाऱ्या बीजपेशीवर) असतं. आईच्या अंडपेशीजवळ पोचल्यावर तिथं धरून राहायला ते मदत करतं. दोघी एक झाल्या की पारडू वाढायला लागतं. काजळची सुरुवातही अशीच झाली असणार."

कस्तुरी काचेवर वाकली.

"आणि पारडू प्यायचं थांबलं की?"

"तेव्हा या दुधातल्या प्रथिनाचं सगळ्यात अवघड काम असतं. दूध बनवणाऱ्या पुष्कळशा पेशी मरतात. हे प्रथिन एका हातानं मेलेली पेशी धरतं, दुसऱ्या हातानं सफाई करणारी पेशी. मग ती मेलेलीला गिळून टाकते. उरलेल्या चरबीचंही तसंच. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हतं, त्यांच्यात हा पसारा तसाच पडून राहिला आणि आचळं सुजली. म्हशीत ते नेमकं किती काम करतं, हे अजून आम्ही शोधतोय."

"म्हणजे न प्यालेलं दूध चंद्रीच्याच अंगात परत जातं?"

"बरंचसं. पण पान्हा फुटत राहिला की कासेला वाटतं, पारडू अजून पितंय. ती आवरायला घेत नाही. दूध तिथंच साचतं, त्यात जंतू वाढतात. यालाच आप्पा दगडी म्हणतात."

कस्तुरीनं चंद्रीच्या तापलेल्या कासेकडं पाहिलं. मग म्हणाली, "माझ्यामुळं झालं."

"हं. तुझ्यामुळंच," आत्तीनं खोटा धीर दिला नाही. "आता तूच तिला मदत कर."

कस्तुरीनं कोपऱ्यातलं यंत्र शेवटचं एकदा चंद्रीपुढं आणलं. एक हात त्याच्या मानेवर ठेवला, दुसरा चंद्रीच्या. चंद्री पोतं चाटू लागली. कस्तुरीला रडू आवरेना. तिनं घंटा सोडली, पोतं काढलं आणि कळ दाबली. यंत्राची मान खाली गेली.

चंद्री रेकली. पुन्हा पुन्हा रेकली. तो आवाज ऐकून आप्पाही बाहेर निघून गेले. कस्तुरी मात्र तिच्या गळ्याला मिठी मारून तिथंच उभी राहिली.

डॉक्टरांचं औषध चाललं. कास आधी निवली, मग मऊ झाली, मग सैल पडली. एका सकाळी चंद्रीनं कस्तुरीच्या हातातली ओली वैरण ओढून घेतली आणि सावकाश चावत राहिली.

"आत्ती, आत आवराआवर चाललीय ती कधी दिसंल का गं?"

"अजून तरी जित्या म्हशीत न्हाई दिसत. तू मोठी झालीस की बघ दाखवता येतंय का."

कस्तुरीनं काजळची घंटा पुसून गव्हाणीवरच्या खिळ्याला अडकवली. चंद्रीला पुन्हा पारडू झालं तर ती त्याच्या गळ्यात बांधायची की नाही, हे मात्र तिनं अजून ठरवलं नव्हतं.