औग्स्ने म्हणजे माती

भुसावळच्या फलाटावर कोकिळानं हातातला पुठ्ठा उंच धरला आणि शेजारच्या उंच, सावळ्या तरुणानंही नेमका तेव्हाच आपला पुठ्ठा वर केला. तिच्या पुठ्ठ्यावर इंग्रजीत ‘वेलकम डॉ. ओझोला’ लिहिलेलं. त्याच्या पुठ्ठ्यावर ‘ओझोला’ सोडलं, तर एक शब्द कळेल तर शपथ!

“हे काय लिहिलंय?” तिनं न राहवून विचारलं.

“तेच. पण त्यांच्या भाषेत, लाटवियनमध्ये. लाइप्नी लूद्झाम... म्हणजे सुस्वागतम.” तो हसला. “तुम्हालासुद्धा.”

“मी इथलीच आहे,” ती फणकारली. पण कानाच्या पाळ्या उगाच गरम झाल्या.

केळी बागायतदारांच्या संघानं दोघांनाही पाहुण्यांना घ्यायला यायला सांगून ठेवलं होतं. कोकिळा धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि सुट्टीत रावेरकडे घरी आली होती. लीलाधर फेगडे फैजपूरचा. शिष्यवृत्तीवर सोव्हिएत रशियात मातीचं शास्त्र शिकायला गेला, मध्येच तो देश फुटला आणि जागचा न हलता पठ्ठ्या लाटवियाचा पदवीधर होऊन परतला. पाहुण्या ओझोलाबाई त्याच्याच प्राध्यापक. त्यांचं इंग्रजी मात्र तुटकं.

जीपमध्ये बाई पुढे, हे दोघं मागे. बाहेर हस्ताची सर तिरपी कोसळत होती.

“माती?” तिनं परीक्षा घेतली.

“औग्स्ने.”

“सुपीकता? आमच्या इंग्रजीत फर्टिलिटी.”

“औग्लीबा.”

“आणि जमीन?”

“झेमे.”

“झेमे, जमीन... थट्टा करताय माझी?”

“बाईंना विचारा की! आणि मी शिकलो ते गाव येलगावा. जळगावकडचा मुलगा येलगावाला गेला, यात माझा काय दोष?”

ती खळखळून हसली. तो बघतच राहिला — जरा जास्तच वेळ. मग दोघंही आपापल्या बाजूचा पाऊस पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी कोकिळाच्या वडिलांच्या, जीवरामआबांच्या शेतात अख्खं गाव जमलं. आबांच्या केळीचं नाव पंचक्रोशीत. केळीमागून केळी लावत त्यांनी उमर काढली होती, पण अलीकडे घड लहान पडत होते. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्याअखेरच्या केळीची, लागवड तोंडावर आली होती आणि कंदांचा ढीग बांधावर तयार होता.

ओझोलाबाईंनी कुदळीनं खणलं. ढेकूळ चुरगाळलं, हुंगलं. कितीतरी वेळ त्या गांडूळ शोधत राहिल्या. एकही निघालं नाही. मग हात झटकत म्हणाल्या, “औग्स्ने इर नोगुरुसी.”

सगळे लीलाधरकडे बघू लागले. त्यानं आबांच्या भरघोस मिशांकडे पाहिलं.

“बाई म्हणतात, माती चांगली आहे. जरा शेणखत वाढवा, बस.”

आबा खूश झाले. पण बाई कोकिळाकडे वळून हळूच म्हणाल्या, “सॉइल... टायर्ड. व्हेरी टायर्ड.”

 कोकिळानं लीलाधरला विहिरीआड गाठलं.

“खोटं का सांगितलंत?”

“अहो, एवढ्या लोकांत... तुमचे वडील आहेत ते. तुमच्या घराशी पहिल्याच भेटीत वाकडं...”

“आमच्या घराशी तुम्हाला काय करायचंय?”

त्यानं मान खाली घातली. तिच्या लक्षात आलं, आणि तिचीही नजर खाली गेली. पण आवाज तिनं ढळू दिला नाही.

“आबांनी पुन्हा केळी लावली तर ही जमीन कायमची नापीक होईल ना? मग जा. खरं सांगा.”

तो गेला. हात जोडून म्हणाला, “आबा, मी मघाशी चुकीचं सांगितलं. बाई म्हणतात, माती थकली आहे.”

आबांचा चेहरा तांबडालाल झाला. “थकली? माझ्या मायवानी जमीन, तिले थकली म्हनतो? निंघ माझ्या वावरातून!”

लोक कुजबुजले. लीलाधर हलला नाही. कोकिळा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“आबा, बाई मलाही तेच बोलल्या. तुमची माय थकली असती, तर तिला बसू दिलं असतं ना तुम्ही?”

 आबा खाली बसले, मातीवर तळवा ठेवला. मग म्हणाले, “इचार त्या बाईले. बरी होईन का हे?”

बाई भराभर बोलल्या आणि लीलाधरनं या वेळी शब्दन् शब्द सांगितला. वर्षभर केळी नाही. ताग पेरायचा, फुलावर आला की नांगरून गाडायचा. जमीन उठेल.

आबांनी बांधाकडे पाहिलं. “अरे पुना,” त्यांनी सालदाराला हाक मारली, “कंद वाटून टाक ज्याले पाह्यजे त्याले.”

बाई निघाल्या त्या दिवशी कोकिळा हसून निरोप देणार, तोच जीपमध्ये त्या म्हणाल्या, “लीलाधर कम्स टू मी. डिसेंबर. लॅबोरेटरी. टू यीअर्स.”

भुसावळपर्यंत ती बाहेरच पाहत राहिली. फलाटावर मात्र राहवेना.

“जाताय म्हणे.”

“बोलावलंय. उत्तर आज द्यायचंय.”

“मग द्या की!”

“तुम्ही... काही म्हणणार नाही?”

“मी कोण म्हणणारी?” शब्द तोंडून सुटले आणि तिलाच रडू यायला लागलं. गाडी फलाटाला लागली होती. बाई डब्याच्या दारात उभ्या. तेवढ्यात केळीची पाटी सांभाळत आबा येऊन थडकले.

“काय रे पोरा, तू बी चालला का तिकडे?”

“जायचं होतं आबा,” लीलाधर म्हणाला. “भुसावळला बाईंना घ्यायला आलो, तोवर अगदी ठाम होतं. आता पाय निघत नाहीत.” बोलता बोलता त्याची नजर कोकिळावर गेली. आबांचीही.

“लीलाधर कम्स?” बाईंनी दारातून कोकिळाला विचारलं.

इंग्रजीत उत्तर दिलं असतं, तर आबांना काही कळलं नसतं. गार्डानं शिट्टी फुंकली. कोकिळानं ओढणी मुठीत घट्ट धरली.

“नाही,” ती मराठीतच म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “तो इथेच राहणार आहे. मला हवा आहे तो इथे.”

बाईंना शब्द कळले नसावेत, तरी त्या हसल्या. गाडीनं हिसका दिला. आबा लेकीकडे पाहत राहिले, मिशा थरथरल्या. कोकिळाला वाटलं, आता संपलं.

आबांनी पाटी लीलाधरच्या हातात कोंबली.

“पाह्यतो काय? गाडी सुटली! बाईच्या डब्यात ठेव पयले,” ते ओरडले. “अन् उद्या ये घरी... तुह्या बापाले घेऊन.”