बाल्तासार दचकत नाही

एर्मामावशीच्या दुकानाच्या दारावर रायेनने पाटी लावली होती : ‘तीन मिनिटं माझा खेळ खेळा. दचकला नाहीत, तर कूखेनचा तुकडा फुकट!’ सकाळपासून अकरा जण खेळून गेले होते, आणि मावशीचा रास्पबेरीचा अख्खा कूखेन, म्हणजे जर्मन पद्धतीचा केक, फस्त झाला होता.

“तुझं भूत माझं दुकान बुडवणार,” मावशी म्हणाली. “एक तरी गिऱ्हाईक ओरडू दे गं!”

तेवढ्यात दार उघडलं. बाहेरच्या पावसासोबत एक उंच तरुण आत आला... गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केसांतून निथळणारं पाणी आणि मागोमाग ताज्या मासळीचा वास. त्याने पाटी वाचली, रायेनकडे पाहिलं आणि हसला. जरा जास्तच वेळ हसला, असं रायेनला वाटलं.

“कुठे बसू?”

“इथे, लॅपटॉपसमोर. हे कानांवर घाला. आणि... आधी हात पुसा!”

खेळात एक जुनं लाकडी घर होतं. माणूस जिना चढतो, मग कपबशा खडखडतात, दिवा झोके घेतो, सगळं घर हादरू लागतं — आणि ऐन त्या गोंधळात भूत किंचाळत तोंडासमोर येतं. रायेन श्वास रोखून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहरा छान होता, पण त्यावर भीतीचा मागमूस नव्हता.

“घाबरलात?”

“नाही.”

“थोडेसेसुद्धा?”

“खोटं बोलू का? तुम्हाला बरं वाटणार असेल तर बोलतो.”

“पण का नाही घाबरलात?” ती रडकुंडीला आली होती.

तो गडबडला. “अहो, घर हललं ना! घर हललं की आपण काय करतो? दिवा किती हलतोय ते बघतो, दाराच्या चौकटीत उभे राहतो, थांबेपर्यंत गप्प बसतो. तुमचं भूत आलं तेव्हा मी दिव्याकडे बघत होतो.”

रायेनने कपाळावर हात मारला. परदेशी भयखेळ खेळून खेळून ती त्यांच्याच युक्त्या शिकली होती. चिलेतल्या वाल्दिवियात, जिथे भूकंपाच्या गोष्टी ऐकतच पोरं मोठी होतात, तिथे ती लोकांना घर हलवून घाबरवायला निघाली होती. म्हणजे माशाला पाण्याची भीती घालण्यातलाच प्रकार!

आणि वेळ तरी कुठे होता? वीस दिवसांनी, जुलैच्या शेवटच्या शनिवारी, गावात खेळांचा महोत्सव होता. रायेनच्या खेळासह निवडलेले सहा भयखेळ मंचावर एकच बाई खेळणार होती — क्लोतिल्दे, जिला सारा चिले ‘ला पिएद्रा’, म्हणजे दगड, म्हणून ओळखायचा. चार वर्षांत कॅमेऱ्यासमोर ती एकदाही दचकली नव्हती. जो खेळ तिला दचकवेल, तो एक मोठी कंपनी जगभर काढणार होती. नाहीतर ऑगस्टच्या पहिल्या तारखेला रायेन आणि खेळाचा प्रोग्राम लिहिणारी तिची मैत्रीण इल्दा, दोघींनाही सांतियागोला नोकरीवर हजर व्हायचं होतं. भुताच्या पावलांचे आवाज घडवणारी रायेन तिथे ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असले निरोप ध्वनिमुद्रित करणार होती.

“तुम्ही रोज याल का?” तिने एकदम विचारलं. “तुम्ही दचकलात, तर तीही दचकेल.”

“मी कुठला दचकतोय! समोर नदीकाठच्या बाजारात मासे कापतो मी. पाठीमागे कठडा, त्याच्यामागे नदी, आणि नदीत तीनशे किलोचे समुद्रसिंह. कधी उसळतील आणि कानाशी भुंकतील, नेम नाही. हातात सुरी असते. दचकलो तर बोट गेलंच.” त्याने दहाही बोटं पसरून दाखवली. “बघा, सगळी जागेवर. बाल्तासार म्हणतात मला.”

“रायेन.”

“रोज येतो, रायेनबाई. कूखेनसाठी.”

“कूखेनसाठीच?” मावशी गल्ल्यावरून पुटपुटली.

तो खरंच रोज आला. दुपारी गर्दी ओसरली की हात लिंबाने चोळून यायचा, तरी वास यायचाच. रायेन रोज नवा दचका रचून ठेवायची. आरशातली बाई झाली, खिडकीची काच फोडून येणारा कुत्रा झाला, कपाटातलं प्रेत झालं. बाकीची गिऱ्हाइकं आता खुर्चीतून उडू लागली होती. बाल्तासार मात्र शांतपणे दुसरा तुकडा मागायचा.

“तुमचं भूत आधी वर्दी देऊन येतं,” तो खाता खाता म्हणायचा. “संगीत चढलं की कळतं, आली बया!”

“आणि तुमचे समुद्रसिंह?”

“ते वाजंत्री लावून येत नाहीत. बरं, तुम्ही स्वतः कधी दचकलात सगळ्यात जास्त?”

ती विचारात पडली. “बारा वर्षांची होते. एका खेळात मी एक दार लावलं आणि पुढे गेले. परत आले तर... ते उघडं होतं. भूत नाही, काही नाही, नुसतं उघडं दार. आठवडाभर आईजवळ झोपले!”

“मग तेच करा की. भूत कशाला पळवता इतकं?”

मासे कापणाऱ्याने आपल्याला शिकवावं याचा तिला राग आला. पण संध्याकाळी ती तेच वाक्य आठवत बसली, आणि वाक्यासोबत तो म्हणणारा चेहराही. आता हे काय नवीन, असं तिने स्वतःलाच दटावलं.

महोत्सवाला पाच दिवस उरले होते. बाहेर संततधार लागली होती, काचांवर वाफ धरली होती आणि दुकानात मोजून चार माणसं होती. बाल्तासारने एका हाताने बशीवरचा कॉफीचा कप धरला होता. तेवढ्यात जमीन गुरगुरली... आणि दुकान हलू लागलं. रायेनने एका हाताने लॅपटॉप धरला आणि दुसऱ्या हाताला जे सापडलं ते धरलं. ते बाल्तासारच्या मोकळ्या हाताचं मनगट होतं.

कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं. मावशीने एका हाताने बरण्यांचं फडताळ दाबून धरलं आणि गिऱ्हाइकाशी चाललेलं बोलणं पुरं केलं. दिवा डुलला, मंदावला, थांबला.

“झालं,” म्हणत मावशीने किटली उचलली.

किण्... किण् किण्... किण्...

रायेनने मान वळवली. सगळं दुकान स्थिर होतं. दिवा, बरण्या, खुर्च्या, सगळं. फक्त बाल्तासारचा कप अजून बशीवर वाजत होता. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“मिळालं!” ती ताडकन उठली. “बाल्तासार, मिळालं! धक्का काढायचाच नाही... थांबवायचा! सगळे निवांत झाले की एकच कप वाजत राहतो! थांबा, हलू नका, मी माइक आणते!”

ती माइक घेऊन पलीकडच्या टेबलाशी बसली. “हं, वाजवा.”

बाल्तासारने कप धरला. कप गप्प.

“अहो, आत्ता वाजत होता ना!”

त्याने मुद्दाम हलवला. नाटकी, खोटा खडखडाट झाला. रायेनने मान हलवली. “असा नाही. मघासारखा. मघाशी काय केलं होतंत?”

“मी काहीच केलं नव्हतं.” तो कपाकडेच बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. “तुम्ही... माझं मनगट धरलं होतंत. धक्का थांबला तरी सोडलं नव्हतंत.”

पाऊस एकदम मोठा ऐकू येऊ लागला. तीनशे किलोचं जनावर कानाशी भुंकलं तरी ज्याचा हात हलत नाही, तो माणूस मान खाली घालून बसला होता. रायेनच्या छातीत असं काही धडधडलं, की माइकमध्ये येईल अशी तिला भीती वाटली.

ती उठली, त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि एका हातात माइक धरून दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं. हळूच.

किण्... किण् किण्...

मावशीने ताटल्या पुसणंसुद्धा थांबवलं.

“झालं?” त्याने ओठांतल्या ओठांत विचारलं.

“नाही... अजून थोडं,” ती म्हणाली. खरं तर कधीच झालं होतं.

मग तिने माइक बंद केला तेव्हा तो म्हणाला, “रायेन, मला एक विचारायचंय—”

“आज नको.” तिने घाईने त्याला अडवलं. “हरले तर मला जावं लागेल. तुम्ही आत्ता ‘थांब’ म्हणालात आणि मी थांबले, तर मी हरून थांबलेली असेन. जन्मभर तेच डोक्यात राहील. मला जिंकून थांबायचंय, बाल्तासार.”

तो उठला. मग त्याने टोपी घातली. “बरं. मग फोडाच त्या दगडाला.”

शनिवारी दुपारी सभागृहात आठशे माणसं दाटीवाटीने बसली होती. ला पिएद्रा मंचावर च्युइंगम चघळत बसली होती. तिच्या हृदयाचे ठोके मागच्या मोठ्या पडद्यावर दिसत होते : बाहत्तर. पाच खेळ झाले. राक्षस आले, करवती आल्या, आरशातून हात आले... बाहत्तर ते पंचाहत्तर, बस्स. एका दचक्याला तर तिने जांभई दिली. पडद्यामागे इल्दाने रायेनचा हात इतका आवळला, की बोटं पांढरी पडली.

सहावा खेळ. लाकडी घर, चहाचं मांडलेलं टेबल, त्याखाली नीट सरकवलेली एक खुर्ची. जमीन गुरगुरली, घर हलू लागलं. ला पिएद्रा हसली; तीही चिलेचीच की! तिने दिव्याकडे पाहिलं. सगळ्या सभागृहाने दिव्याकडे पाहिलं. दिवा डुलला, मंदावला, थांबला. आठशे माणसांनी सुस्कारा सोडला.

“झालं,” ला पिएद्रा म्हणाली आणि मागे रेलली.

किण्... किण् किण्...

च्युइंगम चघळणं थांबलं. ऐंशी. तिने खेळातली नजर हळूहळू फिरवली. दिवा स्थिर होता, पडदे स्थिर होते, बरण्या स्थिर होत्या. पंच्याण्णव. टेबलावर एकच कप वाजत होता... आणि टेबलाखाली नीट सरकवलेली ती खुर्ची आता बाहेर ओढलेली होती. एकशे दहा. संगीत नाही, दुसरा आवाज नाही. कप वाजत होता, कारण कुणीतरी तो धरून बसलं होतं.

तिने पाहिलं. खुर्चीत बसलेल्या भुतानेही तिच्याकडे पाहिलं.

ला पिएद्राची किंकाळी छताला भिडली! खुर्ची उलटली, कानांवरचं यंत्र उडून पहिल्या रांगेत पडलं, पडद्यावर एकशे एक्कावन्न आकडा लखलखला. सभागृहही तिच्यासोबत किंचाळलं, मग हसलं, मग उभं राहून टाळ्यांचा नुसता गजर करू लागलं. इल्दा रडत होती, रायेन हसत होती, मग दोघी उलट करू लागल्या.

ला पिएद्रा जमिनीवर बसूनच हसत होती. तिने रायेनला मंचावर ओढलं आणि माइक तिच्यापुढे धरला. “अगं पोरी, मारलंस मला! तो कपाचा आवाज... तो संगणकावरचा नाही. कुठून आणलास?”

रायेनने समोर पाहिलं. शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकून, रबरी बुटांतला एक उंच माणूस उभा होता. बाजार तसाच टाकून आला होता.

“तो एका माणसाचा हात आहे,” ती म्हणाली. “तो नदीकाठी मासे कापतो. त्याचा हात कधीही थरथरत नाही. त्या दिवशी थरथरला, कारण मी त्याचा दुसरा हात धरला होता. त्याला मला काहीतरी विचारायचं होतं, आणि मी त्याला आजपर्यंत थांबवून ठेवलंय.”

आठशे माना एकदम मागे वळल्या. बाल्तासारला पळायला जागाच नव्हती. तो पायऱ्या उतरत खाली येऊ लागला. लोक बाजूला होऊन वाट देत होते, काही प्रेमाने, काही मासळीच्या वासाने. मंचावर येऊन तो तिच्यासमोर उभा राहिला.

“रायेन, तुम्ही माझ्याशी—”

“हो!”

“अगं, प्रश्न तरी पुरा होऊ दे!”

“हो म्हटलं ना, बाल्तासार! जिंकलेय मी. कुठे जात नाहीये.” तिने त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं.

“माझ्या अंगाला वास येतोय माशांचा...”

“येऊ दे,” ती म्हणाली, आणि आठशे माणसांच्या शिट्ट्यांत तिने त्याचं चुंबन घेतलं. पलीकडे इल्दा एका कानावर हात ठेवून सांतियागोला फोनवर ओरडत होती, की पहिल्या तारखेला दोघींपैकी कुणीही येणार नाही.