ऑरिन पिकेटची हाक

हसायचं तर हसा. पण हे खरं आहे, आणि माझी बायको हेटी साक्षीला आहे.

डाकोटातलं आमचं शेत. अठराशे शहाऐंशीचा जानेवारी, दुपारचे तीन.

हिमवादळ सुटलं की आमच्याकडे दारात टांगलेला नांगराचा फाळ वाजवत राहतात. पांढऱ्या अंधारात अडकलेला माणूस त्या आवाजाच्या रोखाने घर गाठतो. वैरी असला तरी वाजवायचं.

त्याच्या दोन वर्षं आधीच्या एका वादळात मी वाजवला नव्हता.

झऱ्याच्या पाण्यावरून ऑरिन पिकेटचं नि माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्या वादळात बाहेरून त्याची हाक आली...

"थॅड! फाळ वाजव रे!"

हेटीने हातोडा उचलला. मी तो हिसकावला.

"ओरडू दे जरा. मस्ती जिरेल."

थोड्या वेळाने हाक थांबली.

तो सापडला माझ्या दारापासून चाळीस पावलांवर. दफनाच्या वेळी त्याच्या बायकोला, लॅव्हिनियाला, मी सांगितलं, "मला काही ऐकू आलं नाही."

तर शहाऐंशीच्या त्या दुपारी वादळ सुटलं. मी फाळ बडवत होतो.

आणि...

"थॅड!"

तोच आवाज. माझा हात थबकला.

"थांबू नकोस!" हेटी ओरडली. तिनेही ऐकलं होतं.

तळहात फुटेपर्यंत बडवला. हाक जवळ आली... अगदी जवळ... आणि बंद झाली.

बर्फातून एक बाई धडपडत आली आणि उंबऱ्यावर कोसळली. तिचा उजवा हात पुढे ताणलेला होता, कोणीतरी ओढत असल्यासारखा.

लॅव्हिनिया!

गावाहून येताना तिचा घोडा बर्फात रुतला होता. हेटीने तिला शेगडीजवळ बसवलं. मला रडू फुटलं. वाटलं, फिटलं माझं पाप.

"फाळ ऐकून आलीस ना?"

"कसला फाळ? मला काही ऐकू आलं नाही. त्याने हाताला धरून आणलं."

"कोणी?"

"ऑरिनने. मी म्हटलं, तूही चल ना आत. तर म्हणाला, तू जा. थॅड मला आत घेत नाही."

मी तिला सगळं सांगून टाकलं. ती शेगडीकडे बघत राहिली.

मी दार उघडलं. बाहेर बर्फात पावलं तिच्या एकटीचीच.

"ऑरिन! ये रे आत!"

नुसता वारा.

आता प्रत्येक वादळात मी फाळ वाजवतो आणि दार सताड उघडं ठेवतो. घरात गुडघाभर बर्फ साचतो. हेटी म्हणते, "त्याने केलं असेल माफ."

मग तो आत का येत नाही?