लोखंडी दारामागचा मलिदा

ते वर्ष २०६४. इस्रायलच्या वाळवंटातल्या दिमोना गावात त्या वर्षी म्हातारी माणसं आपलंच घर विसरू लागली होती. साथ ओसरून तीन वर्षं झाली होती. ज्यांना तापही आला नव्हता, त्यांच्याही डोक्यात साथ काहीतरी ठेवून गेली होती, आणि सगळ्यांत जास्त आमच्या लोकांच्या, म्हणजे कोकणातून येऊन इथे वसलेल्या मराठी ज्यूंच्या, बेने इस्रायलांच्या.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. साथ सुरू झाली तेव्हा गावात बोललं गेलं की रोग मलिद्यातून पसरला. आमच्यात नवस फेडताना, लग्नाच्या आधी, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, बाजूला फळं. प्रार्थना म्हणायची, तिलाही आम्ही मलिदाच म्हणतो, आणि एकाच ताटातून सगळ्यांनी घ्यायचं. एकाच ताटातून, एवढंच लोकांना पुरलं. भाजीवाला आमच्या बायकांची पिशवी जमिनीवर ठेवायचा आणि मागे सरकायचा.

शेगुलाबाई आष्टमकर ब्याऐंशी वर्षांच्या. उतारवयात रेवदंड्याहून लेकीकडे आल्या, त्यामुळे हिब्रू बाजारापुरतंच. अलीकडे त्या शेगडी चालू ठेवून झोपायच्या, नातीला आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या. मुलगी ओफिरा गावातल्या शाळेची मुख्याध्यापिका. ती त्यांना शहरात डॉक्टर तमार एलकायम यांच्याकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी आपला उपचार सोपा करून सांगितला. मोठी भीती एखाद्या आठवणीला चिकटून बसते. तिला त्या ताणगाठ म्हणत. म्हातारपणी मेंदूची सगळी ताकद ती गाठ सांभाळण्यातच जाते आणि रोजच्या कामाला काही उरत नाही. पण कुठलीही आठवण मनापासून काढली की ती थोडा वेळ मऊ होते, थंडीत गोठलेलं खोबरेल तळहातावर घेतल्यावर होतं तशी. तेवढ्या वेळात औषध दिलं की ती विरघळून जाते.

"औषधाला कळतं का, कुठली आठवण चांगली, कुठली वाईट?" ओफिरानं विचारलं.

"नाही. जी मऊ असेल ती जाते. म्हणून गाठ कुठली आहे ते आजींनीच सांगायला हवं."

भाषांतराचं यंत्र टेबलावरच होतं. शेगुलाबाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. घरातलं मी पेटीशी बोलायची नाही, म्हणाल्या, माझी लेक बसलीय की. मग त्यांनी सांगितलं.

इथल्या प्रत्येक घरात युद्धात आसरा घ्यायला एक खोली असते, जाड भिंतींची, लोखंडी दाराची. साथीत शेगुलाबाईंना खोकला झाला तेव्हा ओफिरानं त्यांना त्या खोलीत ठेवलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं, आई अश्दोदला मामाकडे गेलीय. खोकला लवकरच गेला. दार मात्र बंदच राहिलं, कारण मामाकडे गेलेली बाई खिडकीत दिसली असती.

"मी दार वाजवायचे," शेगुलाबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "मग ही टीव्ही मोठा करायची. मग मी आत बसून मलिदा म्हणायचे, पहिल्यापासून, अख्खा. ताट नव्हतं, तरी. तेवढ्यावर दिवस काढले बघा."

डॉक्टर ओफिराकडे बघत होत्या. ओफिरानं भाषांतर केलं: लोकांनी मलिद्याला नावं ठेवली, आई एकटीच बसून मलिदा म्हणायची, तिची गाठ तीच आहे. आपण फक्त दार तेवढं वगळलं, असं ती नंतर कितीतरी दिवस स्वतःला समजावत होती.

"सगळं सांगितलंस ना गं?"

"सांगितलं, आई."

पहिल्या बैठकीला डॉक्टरांनी मलिद्याचं ताट मागवून ठेवलं होतं. शेगुलाबाईंना वाटलं, हा आपला मान. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि म्हणायला लागल्या. नळीतून औषध उतरत होतं. बैठक संपल्यावर डॉक्टरांनी ओफिराला बाहेर नेलं. मेंदूचा आलेख दाखवणाऱ्या पडद्यावर ताण दिसतच नाही, त्या म्हणाल्या, उलट आजी सुखात आहेत. तुमची खात्री आहे?

दार ओफिराच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ही बाई परकी, आणि गाव लहान. शाळेतल्या मुलांसमोर ती रोज मोठ्यांचा मान राखण्यावर बोलायची.

"खात्री आहे," ती म्हणाली. "आमच्यात बायका दुःख चेहऱ्यावर आणत नाहीत."

डॉक्टरांनी मान डोलावली. आमच्याविषयी असं काही सांगितलं की बाहेरच्यांना ते लगेच पटतं.

शेवटच्या बैठकीला ताट समोर आलं तेव्हा शेगुलाबाईंनी ते कौतुकानं पाहिलं. "छान दिसतंय. काय आहे गं हे? वाढदिवस आहे का कुणाचा?"

तेव्हा कुठे ओफिरानं डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तिला बोल लावला नाही. विरघळलेलं परत येत नाही, एवढंच म्हणाल्या. पण आजींची इच्छा असेल तर खरी गाठ अजून काढता येईल. ओफिरानं आईला विचारलं, या वेळी शब्द न शब्द.

"ती खोली आठवते मला," शेगुलाबाई म्हणाल्या. " तू बाहेर होतीस तेही. पण एवढे दिवस मी आत करत काय होते गं?" मग त्यांनी मान हलवली. "नको. तेही नेलंत तर त्या दिवसांतलं माझ्याकडे काय राहील?"

ओफिराला हे हिब्रूत सांगता येईना. डॉक्टरांनी हात लांब करून यंत्र चालू केलं.

पुढे डॉक्टर तमारांनी नियम केला की नातेवाइकानं भाषांतर करायचं नाही. त्यांचा उपचार आता गावोगाव मिळतो. दिमोनात मलिदा होतो, पण अख्खा म्हणणाऱ्या शेगुलाबाईच शेवटच्या होत्या. हल्ली जेवढा येतो तेवढा म्हणतात आणि फळं वाटतात. शेगुलाबाई अजून आहेत. शेगडी अजूनही चालू राहते. खोलीतून बाहेर यायचं असलं की त्या आतून दार वाजवतात आणि कुणी येईपर्यंत उभ्या राहतात, दार उघडं असलं तरी.

ओफिराची झोप उडाली, शाळेतली नोकरी सुटली. अखेर तिनंही उपचार घेतला. यंत्रासमोर बसून तिनं सगळं सांगितलं, काहीही न वगळता. आता तिची तब्येत चांगली आहे. आईची टकटक ऐकली की ती भाजी चिरता चिरता उठते, उघड्या दाराशी जाते आणि हसून विचारते, "आई, दार उघडंच आहे की. हे वाजवायचं खूळ तुला कुठून लागलं?"