उघडी मुळं

संगमनेरच्या एस.टी. स्टँडवर पावसाची रिपरिप, माझ्या मांडीवर ऑर्किडची मरगळलेली कुंडी... आणि शेजारचा अनोळखी माणूस चक्क वाकून तिचा वास घेतो!

"सडलंय," तो म्हणाला.

"काय?"

"मूळ. तुम्ही नाही."

चप्पल काढणार होते. पण हसू फुटलं — तिथंच फसले.

तो डेअरीत दूध तपासायचा. नासकं दूध वासावर ओळखायची नाकाला सवय. नाव कानिफनाथ. ऑर्किड जोपासणारा कानिफनाथ!

"पाणी रोज घालता?"

"मग काय, दूध घालू? नाशिकच्या नर्सरीत दाखवायला निघालेय."

"रोजच्या पाण्यानंच मरतं हे. माझं पहिलं असंच गेलं. घरी येऊन लावून देऊ?"

"भारती भीमराज साळवे. बुद्धविहारामागची गल्ली. पत्ता नीट ऐकलात ना?"

"ऐकला." त्यानं नजर हलवली नाही. "रविवारी येतो."

आला की! माती झटकली तर मुळं तपकिरी, बोटाला गिळगिळीत. त्यानं ब्लेड मेणबत्तीवर तापवलं, कुजकी मुळं कापली, टणक ठेवली, कापांवर हळद दाबली. भोकं पाडलेल्या कुंडीत मी फोडलेला कोळसा आणि विटांचे तुकडे भरले. माती चिमूटभरही नाही.

"मुळं हिरवी असली की थांबायचं. पांढुरकी झाली की मग पाणी, तेही सकाळी. खाली साचू द्यायचं नाही."

एक मूळ कुंडीबाहेर लोंबत होतं. आईनं ते सवयीनं आत खुपसलं.

"मावशी, राहू द्या. त्याला हवा लागते."

"असं उघडं? लोक काय म्हनतील?"

"झाडाला?" मी विचारलं.

"तुला! येत्या रविवारी कर्जतचा पोरगा बघायला येतोय, आन् तू परक्यासंगं कोळसा फोडतीस."

डोकं सणकलं. मोठ्यानं हसू नको, पुढच्या दारात बसू नको... जन्मभर मलाही असंच आत खुपसत आलेत.

त्याला दारापर्यंत सोडायला गेले.

"त्या कर्जतवाल्याला... हो म्हणणार?"

"तुम्ही कुठं विचारलंय अजून?"

त्याचे कान लाल झाले. "विचारलं तर?"

"एकट्यानं नाही. आईला घेऊन या. आमच्या गल्लीत, भर दुपारी. तुमच्या शेत-शिवारात, भावकीत, जातीत... सगळ्यांना कळू दे. चोरून प्रेम मला जमायचं नाही."

"आई रडेल."

"रडू द्या. मग आणा."

तो आठवडा मी झाडालाही तहानलेलं ठेवलं आणि स्वतःलाही. झाडानं नव्या मुळाचं हिरवं टोक काढलं. कानिफनाथाचा मात्र पत्ता नाही... शनिवार उजाडला, तरी नाही. शेवटी आईनं पोह्यांचा डबा खाली काढला.

भर दुपारी गल्लीतली बडबड एकदम थांबली. पुढं त्याची आई — डोईवर पदर, डोळे सुजलेले. मागं तो, परीक्षेला बसल्यासारखा.

माझी आई दारात ताठ उभी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"लई आत हाय वो घर तुमचं." त्याच्या आईनं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून ती सतरंजीवर टेकली. "च्या टाका बाई. साखर जास्त. रडून रडून तोंड कडू झालंय."

आईनं स्टोव्हला पंप मारला. बराच वेळ मारला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"भारते, बूथवर जा. कर्जतला फोन लाव... येऊ नका म्हनावं."