निळं पाणी आणि पांढरे मोजे

टुंग! वॉशिंग मशीन थांबलं आणि खोलीतली शांतता मोडली. रडून नुकतीच गप्प झालेली पाहुणी दचकली.

"बोला तुम्ही, मी ऐकतेय," मशीनमधले कपडे काढता काढता वहिनी म्हणाल्या. खासगी तपास हा त्यांचा व्यवसाय. मदतीला सख्खा दीर, म्हणून सगळेच त्यांना वहिनी म्हणत.

पाहुणी प्रयोगशाळेत संशोधन करायची. "माझ्या काचांवर एक लेप आहे. अतिनील दिवा लावला की तो लेप पाण्यातला रंग मोडून टाकतो. दरवेळी जमलंय. काल समितीसमोर मात्र निळं पाणी निळंच राहिलं! आमचे प्रमुख, सर, म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. आता रंगाच्या कारखान्याचं पाणी तसंच ओढ्यात जाणार."

तिने खाली पडलेला मोजा उचलून दिला. वहिनींच्या लेकीचा, पांढराशुभ्र. "आमच्या दिव्याखाली हा लख्ख उजळेल. धुण्याच्या पावडरीत चमक आणणारं काहीतरी असतं ना. आमचे कोटही तसेच उजळतात. पण डोळ्यांना वाईट तो प्रकाश. काळा चष्मा नसेल तर सर खोलीत पाऊलही टाकत नाहीत."

प्रयोगशाळेत त्यांना आधी भेटला तिचा सहकारी, लंबू.

"काचा कोणी धुतल्या?" वहिनींनी विचारलं.

"मीच. रोज मीच धुतो."

"आता तिची जागा तुला मिळेल."

"मिळेल की. याच सरांच्या हाताखाली. अभिनंदन करू नका."

त्याने मोबाइलवर कालचा फोटो दाखवला. जांभळा दिवा लागलेला. लंबू आणि समिती काळ्या चष्म्यांआड. दिव्याला खेटून सर, उघड्या डोळ्यांनी हसताना. सगळ्यांचे कोट मळकट जांभळे.

"लंबूच!" दीर कुजबुजला. "काचा यानेच बिघडवल्या."

"भावजी, कोट बघा."

भावजींनी स्वतःचा शर्ट चाचपला.

सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "बाई, विज्ञान म्हणजे कपडे धुणं नव्हे. पोरीला जमलं नाही, विषय संपला."

"उद्या समितीच्या अध्यक्षबाईंना बोलवा. माझी लेकही येईल, तिला सांभाळायला कोणी नाही."

"आणा," सर हसले. "तिलाही कळेल एवढं सोपं आहे."

दुसऱ्या दिवशी सगळे काळे चष्मे लावून उभे राहिले. वहिनींनी तोच दिवा लावला. लेकीचे मोजे मळकट जांभळे दिसले.

"काचा बिघडल्या असत्या, तरी कपडे उजळलेच असते. म्हणजे बदलला तो दिवा. हा नुसता शोभेचा, यात अतिनील किरण नाहीत. खरा सरांच्या कपाटात असेल."

"कशावरून? लंबूही बदलू शकतो!"

"लंबूने चष्मा लावला होता. समितीनेही. दिवा खरा, असंच सगळे समजत होते. डोळ्यांना इतकं जपणारे तुम्ही तेवढे उघड्या डोळ्यांनी उभे होतात."

"फोटोसाठी काढला होता!"

"दिवा चालू असताना? एरवी खोलीतही न येणाऱ्या माणसाने?"

अध्यक्षबाईंनी नुसता हात पुढे केला. सरांनी मुकाट किल्ली दिली. कपाटात, फायलींच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला दिवा निघाला.

"संशोधनावर माझं नाव शेवटी टाकणार होती ती!" सर किंचाळले. "शेवटी! तिला घालवून मीच पुढे नेणार होतो."

"नाव वर यावं म्हणून अख्खा ओढा निळा ठेवणार होतात," वहिनी म्हणाल्या. "मोठं काहीतरी कारण असेल, असं मला उगीच वाटत होतं."

अध्यक्षबाई संशोधिकेकडे वळल्या. "तुम्ही सुरू करा."

खरा दिवा लागला. मोजे लख्ख उजळले. लेक टाळ्या पिटत नाचली.

दुपारपर्यंत पाणी फिकं होत होत नितळ झालं. संशोधिका परत रडली, यावेळी हसत हसत. सर कोपऱ्यात घाम पुसत बसले होते.

लेक बराच वेळ एकदा पाण्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग आईचा पदर ओढून म्हणाली,

"आई, या काकांना दिव्याखाली ठेवलं, तर तेपण स्वच्छ होतील?"